पदरची हवा

प्रवासाला निघताना आपण मध्यमवर्गीय माणसे काय काय बरोबर घेतो याची यादी करायला बसलो, तर या अंकाची दोन पाने सहज भरतील. दशम्या, लोणच्याची बाटली, पिण्याचे पाणी, औषधांचा डबा, विजेरी, दोरी, सुईदोरा! घरी आहे ते वाटेत मिळेलच याचा भरवसा धरू नये, हा आपला पिढीजात सिद्धांत. मात्र हवा कोणी बरोबर नेत नाही. ती काय, सगळीकडे फुकट! पण वाळवंटात मोटार घेऊन जाणाऱ्याला हवासुद्धा पदरची न्यावी लागते. आणि ती नेण्यासाठी चार तारा, एक फ्यूज आणि एक खटका यांचा केवढा विचार करावा लागतो, ते मी जैसलमेरला पाहिले.

गेल्या माघात पुतण्या, सौ. आणि मी असे तिघे त्याच्या जुन्या जिप्सीतून पुण्याहून निघालो. पुतण्या संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. आठवडाभर खुर्चीत बसायचे आणि सुटी मिळाली, की जिथे रस्ता संपतो तिथे गाडी घालायची, हा त्याचा नेम. त्याच्या कचेरीतला एक सहकारी जैसलमेरकडचा. "आमच्या आईवडिलांना भेटल्याशिवाय परत यायचं नाही," असा त्याचा आग्रह होता. म्हातारा-म्हातारी राहतात ढाणीवर. ढाणी म्हणजे रानातली वस्ती, आपल्या वाडीसारखी. फरक एवढाच, की तिकडे एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर मधे मैलभर वाळू. ही ढाणी डांबरी सडकेपासून नऊ किलोमीटर आत होती.

अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर असा हजार-बाराशे किलोमीटरांचा रस्ता आम्ही तीन दिवसांत रमतगमत कापला. सांचोर मागे पडले, तशी हिरवी शेते विरळ होत गेली आणि जमिनीचा रंग उडाल्यासारखा झाला. मग केर, आक आणि मधूनच एखादी खेजडी. या खेजडीला आपण शमी म्हणतो आणि दसऱ्याला तिची पूजा करतो. तिकडे तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी बारा महिने ताटात असते.

जैसलमेर हे रावळ जैसलने ११५६ साली वसवले. त्रिकूट टेकडीवरचा किल्ला दुरून दिसला, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "अगबाई, हा तर हळद लावून बसलाय!" सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय झालेल्या डोळ्यांना तो पिवळा दगड प्रथम खराच वाटत नाही. सत्यजित राय यांनी १९७४ साली आपल्या चित्रपटात त्याला सोन्याचा किल्ला केले, ते उगाच नव्हे. आपल्या गडांवर आता पाहायला जायचे असते. या किल्ल्यात मात्र माणसे अजून नांदतात. बुरुजाच्या आत वाळत घातलेली लुगडी दिसतात, कुकरची शिटी ऐकू येते.

किल्ला, हवेल्या आणि गडीसर तलाव पाहून झाल्यावर रात्री पुतण्याने सहकाऱ्याच्या वडिलांना फोन केला. पलीकडून सूचना आली : "वाटेत वाळू आहे. चाकांतली हवा कमी करून या. आणि परत भरायची सोय आहे ना?"

सौ.ला हे कोडेच पडले. हवा कमी झाली, की गाडी ढकलावी लागते, एवढाच तिचा अनुभव. मी चाळीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले असल्यामुळे तिला हॉटेलातल्या कागदी रुमालावर हिशेब मांडून दाखवला. आमची भरलेली जिप्सी तेराशे किलोंची धरली, तर एका चाकावर सव्वातीनशे किलो, म्हणजे साधारण सातशे पौंड. चाकात दर चौरस इंचाला २८ पौंड हवा असेल, तर ते वजन पेलायला सुमारे २५ चौरस इंचांचा ठसा जमिनीवर टेकतो. हवा निम्मी, म्हणजे १४ पौंड केली, की ठसा दुप्पट होतो. टायर वाळूवर पसरतो, लांबट होतो. वजन तेवढेच, पण वाळूवरचा भार निम्मा. हिशेब ढोबळ आहे, कारण टायरच्या भिंतीही थोडे वजन पेलतात. पण तत्त्व हेच.

"म्हणजे उंटाचा पाय!" सौ. म्हणाली. सकाळीच तिने गडीसरजवळ उंट पाहिला होता. त्याचा गादीसारखा तळवा जमिनीवर टेकताच पसरतो. माझ्या रुमालावरच्या हिशेबापेक्षा तिचे हे उदाहरण कितीतरी सरस होते.

उंटाचे हे शहाणपण मोटारीला शिकवणाऱ्यांत राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी इंजिनियराचे नाव आदराने घेतले जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने साध्या फोर्ड गाड्या इजिप्त आणि लिबियाच्या वाळूच्या समुद्रात घातल्या. टायरांतली हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, असे करत त्याने नकाशावर कोऱ्या असलेल्या मुलखातून वाटा काढल्या. हा गृहस्थ काही काळ हिंदुस्थानातही नोकरीला होता. वाळू कशी उडते आणि तिच्या टेकड्या कशा सरकतात, यावरचा त्याचा ग्रंथ १९४१ साली निघाला.

पण हवा सोडणे सोपे. पाच मिनिटांचे काम. परत सडकेवर आल्यावर त्याच ढिल्या टायरांनी पळता येत नाही. टायरच्या भिंती पुन्हापुन्हा दुमडून तापतात आणि फाटतात. वळणावर टायर रिममधून निसटूही शकतो. पायपंपाने भरायचे म्हटले, तर एकेका चाकाला दोनशेच्या पुढे ठोके मोजावे लागतात. पुतण्याने यासाठी बारा व्होल्टचा एक बसका, वजनदार काँप्रेसर आणि त्याची लहानशी टाकी केव्हाच विकत घेऊन ठेवली होती. तो गाडीतच कायमचा बसवायचा आणि समोरच्या खटक्यावर चालवायचा, असा बेत होता. पण सवडीअभावी सगळे सामान खोक्यातच पुण्याहून जैसलमेरपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायथ्यापासून थोडे दूर, एका वायरिंगवाल्या मिस्त्रीच्या दारात आम्ही उभे होतो. गॅरेज कसले, लिंबाच्या झाडाखालचे अंगण ते. मिस्त्री साठीचा, डोक्याला मफलर. मी मास्तर होतो हे कळताच त्याने मला 'माडसाब' करून टाकले. तिकडे मास्तरसाहेबांना तसे म्हणतात.

पुतण्याला घाई होती. तो म्हणाला, "डॅशबोर्डच्या मागे चार्जिंगच्या सॉकेटची तार आहेच. तिच्यातून जोड काढू, मधे बटण टाकू. अर्ध्या तासाचं काम."

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने खोक्यातून काँप्रेसर काढून त्याच्या अंगावरची पट्टी वाचली. भरात असताना तीस अँपिअर. मग कपाटातून तशीच एक बारीक तार आणली, बॅटरीपासून काँप्रेसरपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर जोडली आणि काँप्रेसर चालू केला. तो घरघरत सुरू झाला खरा. पण टाकीतला दाब वाढू लागला तसा त्याचा आवाज जड झाला, एखादा म्हातारा जिना चढताना दमावा तसा. मिस्त्रीने मला खूण केली, "माडसाब, तार को हाथ लगाइए." मी बोट टेकवले आणि झटकन काढून घेतले.

वाचकहो, ओहमचा आणि जूलचा नियम मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहिला. पण तो असा बोटाला चटका देऊन कधी शिकवला नव्हता. हिशेब अगदी सरळ आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या सहा मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे एक दशांश ओहम. त्यातून तीस अँपिअर गेले, की तीन व्होल्ट तारेतच संपतात. बारापैकी काँप्रेसरला उरले नऊ. म्हणून तो दमला. आणि गेलेल्या तीन व्होल्टांची होते उष्णता, नव्वद वॅट. पूर्वी माजघरात लावायचो त्या मोठ्या बल्बाएवढी! ती जर डॅशबोर्डच्या मागे, प्लॅस्टिक आणि कापडाच्या गर्दीत साठली, तर काय होईल ते सांगायला नको. लहानसा खटका तर तीस अँपिअर पेलण्यासाठी केलेलाच नसतो. त्याचे आतले टोक जळते, कधी चिकटून बसते. मग बटण बंद केले तरी काँप्रेसर चालूच.

मिस्त्री पुतण्याकडे वळून म्हणाला, "बेटा, बटन का काम हुकम देना है, बोझ उठाना नहीं."

एवढे एकच वाक्य. पण उरलेले सगळे काम त्याने त्या वाक्याबरहुकूम केले.

ओझे उचलायला त्याने रिले घेतला. रिले हा शब्द मुळात टप्प्याटप्प्यावर ताजे जनावर जोडण्यावरून आला; तारायंत्राच्या जमान्यात तो विजेच्या कामात रुळला. काडेपेटीपेक्षाही लहान अशी ही डबी असते. आत तारेचे वेटोळे आणि लोखंडाची एक जीभ. वेटोळ्यातून थोडी वीज गेली, की त्याचा लोहचुंबक होतो, जीभ ओढली जाते आणि दुसरा, मोठा रस्ता जोडला जातो. खाली चार पाय, त्यांवर ठरलेले आकडे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड, सहा चौरस मिलिमीटरची तार ३० आकड्याच्या पायाला; ८७ पासून तशीच जाड तार काँप्रेसरला. ८६ ला खटक्याकडून येणारी बारीक तार आणि ८५ गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला. त्या बारीक तारेतून जेमतेम दीडशे मिलिअँपिअर वाहतात. हुकूम द्यायला तेवढे पुरतात.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर, जाड तारेच्या अगदी उगमाशी, त्याने चाळीस अँपिअरचा फ्यूज घातला. पुतण्याने विचारले, "फ्यूज काँप्रेसरजवळ का नको? बदलायला सोपा पडेल." मिस्त्रीने उत्तर दिले, की फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. तार मधेच कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी आपली सारी ताकद तिथे ओतणार. फ्यूज पलीकडच्या टोकाला असेल, तर तो ही मजा नुसती पाहत बसेल.

खटक्याची वीज त्याने किल्ली फिरवल्यावरच मिळेल अशा तारेतून घेतली, म्हणजे गाडी बंद करून उतरले की काँप्रेसर चुकूनही चालू राहू नये; तिलाही वेगळा, लहान फ्यूज. टाकीवर दाबाचा आपोआप खटका होता. तो दाब १४५ पौंड झाला की तुटतो आणि ११० वर उतरला की पुन्हा जुळतो. तोही त्याने बारीक तारेच्या रस्त्यातच, पहिल्या खटक्याच्या पाठोपाठ जोडला. दोघांचेही एकमत झाले तरच रिलेला हुकूम जाणार. पत्र्याच्या भिंतीतून तार आत नेताना भोकाला रबरी कडे बसवले. काँप्रेसरची परतीची तार रंग लावलेल्या पत्र्यावर न टेकवता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. प्रत्येक टोकाला लग दाबून तो जोरात ओढून पाहायचा. त्या अर्ध्या तासाच्या कामाला पाच तास लागले. शेवटी समोर दिसत होते ते एक नखाएवढे बटण आणि त्यातला एक तांबडा दिवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सडक सोडली. सुरुवातीलाच सांगतो, वाळूच्या टेकड्यांवर गाडी नाचवायला आम्ही गेलो नव्हतो. त्या भागाचा मोठा पट्टा राष्ट्रीय मरू उद्यानात मोडतो. आपल्या सोलापूरच्या नान्नजला ज्याचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे, त्या माळढोकाच्या शेवटच्या आधारांपैकी तो एक. आम्ही उद्यानाबाहेरची, ढाणीच्या रोजच्या वहिवाटीची वाटच धरली. चाकांची हवा १५ पौंडांवर आणली. टायरांची पोटे जमिनीवर टेकली. सौ.ला ते बघवेना. "अहो, पंक्चरच दिसतंय की हो चारही," असे ती दोनदा म्हणाली. पण पुतण्याने गाडी वाळूत घातली आणि जिप्सी होडीसारखी संथ तरंगत निघाली. न धक्का, न कुरकुर. मागे वळून पाहिले, तर आमच्या चाकांचे ठसे रुंद आणि उथळ होते, उंटाच्या पावलांच्या जातीचे.

ढाणीवर दोन गोल झोपड्या, एक पक्की खोली, गोठ्यात पांढऱ्या थारपारकर गाई आणि अंगणात टांका. टांका म्हणजे जमिनीखालचे पाण्याचे टाके. भोवतीची जमीन उतरती आणि चोपून घट्ट केलेली, म्हणजे पावसाचा प्रत्येक थेंब आत. त्याच्या झाकणाला कुलूप होते. म्हातारीने कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडले आणि आम्हांला हात-पाय धुवायला बादलीभर पाणी काढले. सौ. संकोचली, तांब्याभर पुरे म्हणू लागली. म्हातारीने ऐकले नाही. रात्री बाजरीची भाकरी, केर-सांगरी आणि ताक झाल्यावर सौ. मला म्हणाली, "कुलूप बघून मला वाटलं, किती हात आखडता! पण उलटंच आहे. साठा जपलेला असतो, म्हणूनच हात सैल सोडता येतो."

त्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी उलगडला. परतीच्या वाटेवर सडक दिसू लागली, तेव्हा एक कँपर गाडी वाळूच्या काठाशी कललेली दिसली. मागे दुधाचे कॅन, पुढे विशीतला पोरगा. विलायती बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरून हवा पार गेलेली. जादा चाक होते, पण तेही बसलेले. आसपासच्या ढाण्यांवरून पहाटेपासून गोळा केलेले दूध शीतकेंद्रावर दहाच्या आत पोचायला हवे होते. नंतर ते घेत नाहीत. घड्याळात नऊ वाजून गेले होते. एकेका घराचे पाच-सात लिटर. तो दिवस बुडाला, तर त्या घरांचा बुडणार. पोरगा मोबाइल हातात धरून रेंज शोधत उभा होता.

पुतण्याने काटा उपटून भोकात पंक्चरची दोरी ठोसली. इंजिन चालू ठेवले, नळी जोडली आणि बटण दाबले. तांबडा दिवा लागला, रिलेचा 'टक्' असा बारीक आवाज आला आणि काँप्रेसर सुरू झाला. कॅनांनी भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकाला आमच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त हवा लागते. दहा, वीस, तीस... काटा चढत होता. काँप्रेसरने सूर बदलला नाही. मी बॉनेट उघडून जाड तारेवर पंजा ठेवला. कोमट, फक्त कोमट. चाळीस पौंडांवर पुतण्याने नळी काढली आणि मग त्याचे जादा चाकही भरून दिले.

पोराने पैसे विचारले. पुतण्या हसून म्हणाला, "हवेचे कसले पैसे?" तसा तो कॅनचे झाकण उघडू लागला. सौ.ने आमचा थर्मास पुढे केला, आणि तेवढे दूध मात्र आम्ही घेतले. कँपर धूळ उडवत सडकेला लागली. साडेनऊ झाले होते. तो वेळेत पोचला असणार.

मग आम्ही आमची चाके भरायला घेतली. एकेकाला दोन-तीन मिनिटे. तेवढ्या वेळात माझ्या मनात मिस्त्रीचे अंगण आणि म्हातारीचा टांका एकमेकांशेजारी येऊन बसले होते. वाळूत उतरायचे तर जवळची हवा सोडावी लागते, आणि ती बिनधास्त सोडता येते केव्हा? तर परत भरता येईल याची खात्री असते तेव्हा. ही खात्री त्या तांबड्या दिव्यात नव्हती. ती होती न दिसणाऱ्या जाड तारेत, बॅटरीजवळच्या फ्यूजमध्ये आणि प्रत्येक लग ओढून पाहणाऱ्या हातात. एरवी आम्ही त्या पोराला धीराचे चार शब्द देऊन पुढे गेलो असतो. त्याच्या कॅनांना धीराचा काय उपयोग?

तेव्हा तुमच्या घरातली तरुण मंडळी असली एखादी गाडी घेऊन वाळवंटाकडे निघालीच, तर त्यांना अडवू नका. बटण कोणते बसवले हेही विचारू नका. फक्त एवढेच विचारा : बॅटरीपासून निघणारी तार किती जाड आहे, आणि फ्यूज तिच्या कोणत्या टोकाला आहे? उत्तर नीट आले, तर खुशाल दशम्या बांधून द्या. दोन जास्तच द्या. वाटेत कोणी ना कोणी भेटतेच.